स्मरणिका गटानं करताय? वर्ड कुठे, गूगल डॉक्स कुठे, आणि एकातून दुसऱ्यात कधी जायचं

गणेश मंडळाची पन्नाशी, शाळेच्या बॅचचं रौप्यमहोत्सवी संमेलन, वाचनालयाची शताब्दी, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाचा दिवाळी अंक... काम कुठलंही असो, दहा-बारा जणांनी मिळून मराठीत साठ-सत्तर पानं तयार करायची म्हटली की पहिला वाद ठरलेला असतो, वर्डमध्ये करायचं की गूगल डॉक्समध्ये. मग ज्याला जे येतं तो त्यात टाइप करतो, व्हॉट्सॲपवर टाकतो, दुसरा तीच फाइल उतरवून त्यात दुरुस्त्या करून परत टाकतो, आणि छापखान्यात जायच्या आठवड्यात कुणालाच सांगता येत नाही की अध्यक्षांच्या मनोगताची खरी प्रत कुठली.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. लिहिणं आणि दुरुस्त्या ऑनलाइन करायच्या, मांडणी आणि छपाईची तयारी डेस्कटॉपवर करायची, आणि ऑनलाइनमधून डेस्कटॉपवर जायचं ते एकदाच. परत मागे यायचं नाही. स्मरणिकेचे घोळ बहुतेक वेळा वाईट सॉफ्टवेअरमुळे होत नाहीत, ते होतात या दोन जागांमध्ये सारखं ये-जा केल्यामुळे.

दोघांत नेमका फरक काय

वर्ड १९८३ पासून आहे. एक माणूस, एक कॉम्प्युटर आणि शेवटी कागदावर छापणं, या कामासाठी तो बनला. म्हणून पानाचे समास, विषम-सम पानांची वेगळी शीर्षकं, तळटीपा, अनुक्रमणिका, बांधणीसाठी आतल्या बाजूला सोडायची जागा, हे सगळं त्यात पक्कं आहे. गूगल डॉक्सचं मूळ रायटली नावाच्या वेबवर चालणाऱ्या एका छोट्या एडिटरमध्ये आहे, तो गूगलनं २००६ मध्ये विकत घेतला, आणि तो पहिल्यापासून चारजणांनी एकाच मजकुरावर काम करावं म्हणूनच होता. म्हणजे वर्डमध्ये फाइल माणसांकडे जाते आणि जिथे जाईल तिथे तिची एक नवी प्रत तयार होते, डॉक्समध्ये माणसं फाइलकडे येतात. बाकीचे सगळे फायदे-तोटे यातूनच निघतात.

डॉक्समध्ये कुणी कधी काय बदललं ते आपोआप नोंदलं जातं, सेव्ह करायची भानगड नाही, फोनवरून चालतं, फुकट आहे. उलट बाजू अशी की मोठी फाइल साध्या फोनवर जड होते, पुस्तकी बांधणीसाठी उजव्या-डाव्या पानांचे समास आरशासारखे उलटे करायची सोय नाही, आणि एकाच फाइलमधला ठराविक परिच्छेद कुलूपबंद करता येत नाही. वर्डमध्ये हे सगळं होतं, पण ऑटोसेव्ह, फाइल मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन जागेत म्हणजे वनड्राइव्हवर किंवा शेअरपॉइंटवर असेल तरच चालतो, नाहीतर लाइट गेल्यावर दर दहा मिनिटांनी घेतलेल्या रिकव्हरी प्रतीवर भिस्त.

मधला एक मार्गही आहे, तो म्हणजे वर्डचीच फाइल वनड्राइव्हवर ठेवायची आणि सगळ्यांनी तिथेच उघडायची, कुणी ब्राउझरमध्ये, कुणी डेस्कटॉपच्या वर्डमध्ये. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर ब्राउझरमधला वर्ड फुकट आहे आणि वनड्राइव्हवर ५ जीबी जागा मिळते. ऑफिसमध्ये सगळ्यांकडे नवं वर्ड असेल तर हा मार्ग उत्तमच. पण मंडळाच्या कामात एकाकडे वर्ड २००७ असतो, दुसऱ्याकडे कुणीतरी बसवून दिलेलं काहीतरी, तिसऱ्याकडे नुसता फोन, मग कुणाला फाइल रीड ओन्ली दिसते आणि कुणाला उघडतच नाही. म्हणून अशा मिश्र गटाला मी डॉक्सच सुचवते, जीमेल प्रत्येकाकडे असतंच.

लिबरऑफिसचंही सांगायला हवं. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं झालेलं हे पॅकेज पूर्ण फुकट आहे, मेनू मराठीत करता येतात, आणि शेवटच्या मांडणीच्या कामाला ते वर्डइतकंच पुरेसं पडतं. पण डेस्कटॉपच्या लिबरऑफिसमध्ये दोघांनी एकाच वेळी एका फाइलमध्ये टाइप करणं शक्य नाही, त्यासाठी कोलॅबोरा ऑनलाइनसारखं सर्व्हरवर बसवावं लागतं. ते मंडळाच्या आवाक्यातलं काम नाही, त्यामुळे लिबरऑफिस फक्त शेवटच्या टप्प्याला. वर्डचं लायसन्स नसेल तर चोरीचा वर्ड शोधत बसण्यापेक्षा हे शंभरदा बरं.

पायरी १: टाइप करायच्या आधी डीटीपीवाल्याला फोन

हे लोक सगळ्यात शेवटी करतात आणि सगळ्यात पहिलं करायला हवं. डीटीपीवाला म्हणजे छपाईसाठी पानांची मांडणी कॉम्प्युटरवर करून देणारा. त्याला विचारायचं, मांडणी कशात करता? पेजमेकर म्हणाला तर युनिकोड मराठी (कुठल्याही फोनवर, कॉम्प्युटरवर सारखीच वाचली जाणारी) त्यात चालणार नाही, त्याला मजकूर पुन्हा श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घ्यावा लागेल आणि त्या बदलात चुका शिरतात, म्हणजे प्रूफं एकदा जास्त वाचावी लागणार, तेवढे दिवस धरून ठेवा. इनडिझाइन म्हणाला तर युनिकोड चालतं, फक्त त्यानं वर्ल्ड रेडी कंपोझर निवडलेला हवा, नाहीतर जोडाक्षरं सुटी-सुटी दिसतात आणि वेलांट्या भलतीकडे बसतात. इनडिझाइनमध्ये वर्डची फाइल स्टाइलसकट (शीर्षक, उपशीर्षक, मजकूर यांना ठरवून दिलेल्या रूपासकट) आत घेता येते, हे पुढे फार उपयोगी पडतं.

त्यालाच पानांचंही विचारून घ्या. मधोमध पिन मारायची असेल तर एकूण पानं चारच्या पटीत हवीत, मोठं काम असेल तर तो ८ किंवा १६ पानांच्या फर्म्याच्या (एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या) हिशेबात बोलेल. हे माहीत असलं की संपादक लेखकांना नीट शब्दमर्यादा सांगू शकतो.

आणि डीटीपीवाला मुळी नाहीच, चोवीस-बत्तीस पानांचं तुम्हीच करून थेट पीडीएफ देणार, असं असेल तर डीटीपीच्या जागी वर्ड किंवा लिबरऑफिस येतं, बाकी पायऱ्या त्याच.

पायरी २: खातं कुणाचं?

कुठल्याही उत्साही कार्यकर्त्याच्या वैयक्तिक जीमेलवर हे काम उभं करू नका. गूगल ड्राइव्हवरची फाइल ज्याच्या मालकीची त्याच्या फुकट मिळणाऱ्या १५ जीबी जागेत मोजली जाते, आणि ती १५ जीबी जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून असते. त्याची जागा भरली की नवं काही चढत नाही. त्याचं खातं बंद पडलं की सगळ्यांच्या फाइली गेल्या. मंडळाच्या किंवा संस्थेच्या नावानं एक वेगळं खातं काढा, पासवर्ड दोघांकडे ठेवा, रिकव्हरीचा फोन नंबर अशा माणसाचा द्या जो पुढच्या कार्यकारिणीतही असेल. आणि वर्षात दोनतीनदा तरी कुणीतरी त्यात लॉगिन करा, कारण दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकतं.

त्या खात्यात एक मुख्य फोल्डर, त्यात चारच फोल्डर पुरतात: लेख, फोटो, जाहिराती, छापखाना. फोल्डर शेअर केलं की आतलं सगळं आपोआप शेअर होतं, प्रत्येक फाइलची वेगळी लिंक पाठवत बसायची गरज नाही.

पायरी ३: एक लेख, एक फाइल

सगळी स्मरणिका एकाच डॉक्स फाइलमध्ये करायचा मोह होतो, करू नका. डॉक्समध्ये एका वेळी शंभर ठिकाणांहून एडिट करता येतं ते खरं, पण प्रश्न तो नाहीच. प्रश्न असा की फोनवर काम करणारे काका सत्तर पानं खाली सरकवत स्वतःच्या लेखापर्यंत जातात आणि जाता-जाता बोट लागून दुसऱ्याच्या लेखातली ओळ उडते, आणि ती उडाली हे कुणालाच कळत नाही. प्रत्येक लेखाची वेगळी फाइल, नावाच्या सुरुवातीला क्रमांक, म्हणजे ०१ मनोगत, ०२ संस्थेची वाटचाल, ०३ मैदानाच्या आठवणी. क्रमांक दोन आकडी ठेवा म्हणजे १० हा २ च्या आधी येऊन बसत नाही.

सोबत एक गूगल शीट. त्यात लेखाचं नाव, लेखक, शब्दमर्यादा, सध्या कुणाच्या हातात, आणि अवस्था एवढेच रकाने. अवस्था चारच ठेवा: आला नाही, संपादनात, प्रूफ झालं, बंद. हे शीट संपादकानं एकट्यानंच भरायचं, बाकीच्यांनी बघायचं. दर रविवारी त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला की ज्यांचे लेख आलेले नाहीत त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

देणगीदारांची नावं, माजी विद्यार्थ्यांची यादी, ताळेबंद या गोष्टी डॉक्समध्ये टाइप करूच नका. त्या शीटमध्येच राहू द्या, एडिटचा हक्क फक्त खजिनदार आणि आणखी एकाला. नावात झालेली चूक लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात हो, आणि रकमेतली चूक तर थेट संस्थेच्या विश्वासावर येते.

पायरी ४: मजकूर आत आणणं

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यांनी युनिकोडमध्येच टाइप करायचं, यात तडजोड नाही. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून आहे, आणि विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिकही (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून टाइप करायचा) आहे, सेटिंगमध्ये भाषा जोडली की झालं. फोनवर जीबोर्डमध्ये मराठी जोडा, त्यात बोलूनही टाइप होतं. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये डॉक्स उघडून टूल्समधून व्हॉइस टायपिंग घ्या, भाषा मराठी निवडा आणि बोला. ज्यांना टायपिंगचा कंटाळा आहे पण सांगण्यासारखं भरपूर आहे अशा ज्येष्ठांसाठी ही फार मोलाची सोय आहे. शेजारी नातवंडानं बसावं, आजोबांनी बोलावं, विरामचिन्हं नंतर घालता येतात.

जुने लेख बहुतेकदा श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये असतात. ते डॉक्समध्ये टाकले की इंग्रजी अक्षरांची विचित्र खिचडी दिसते, कारण त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजीच्या जागांवर मराठीची चित्रं बसवलेली असतात. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करा, मग डॉक्समध्ये आणा, आणि आणल्यावर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि अर्धी अक्षरं या तीन ठिकाणी डोळ्यात तेल घालून बघा, कन्व्हर्टर हमखास तिथेच चुकतात.

मागची छापील स्मरणिका आहे पण फाइल नाही? पानाचा सरळ, स्वच्छ फोटो ड्राइव्हवर चढवा, कॉम्प्युटरवर त्यावर राइट क्लिक करून ओपन विथ गूगल डॉक्स करा, फोटोखाली मजकूर उतरून येतो. छापील मराठीवर हे चांगलं चालतं, प्रूफ मात्र वाचावंच लागतं. हस्ताक्षरावर फार भरवसा ठेवू नका, तिथे वाचून दाखवणारा एक आणि टाइप करणारा एक हीच पद्धत अजूनही सगळ्यात वेगवान आहे.

फोटो लेखाच्या फाइलमध्ये चिकटवायचे नाहीत. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो, छपाईला ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) लागतं, मग चेहरे पुसट येतात. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा थेट ड्राइव्हच्या फोटो फोल्डरमध्ये चढवून घ्या, नाव लेखाच्या क्रमांकावरून द्या, ०३-क, ०३-ख असं. लेखात जिथे फोटो हवा तिथे चौकटी कंसात तेच नाव आणि खाली ओळ, कोण डावीकडून उजवीकडे उभं आहे ते सगळं. ही ओळ त्याच दिवशी लिहून घ्या, नंतर सांगणारं माणूस मिळत नाही.

पायरी ५: एक पानाची नियमावली

फोल्डरमध्ये ०० नावाची एक फाइल करा आणि तिथे ठरवून टाका. आकडे देवनागरी की इंग्रजी. "केले" की "केलं". मान्यवरांच्या नावापुढे श्री., सौ. लावायचं की कुणालाच नाही. प्रमाण लेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम आहेतच, त्यांच्यावर वाद घालत बसू नका, ते मान्य करा आणि पुढे चला.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम लिहिते. लेखकानं संवाद वऱ्हाडीत, मालवणीत, कोल्हापुरी ढंगात लिहिला असेल तर तो तसाच राहिला पाहिजे. मुद्रितशोधन करणाऱ्याला तिथे चुका दिसतात, तो प्रामाणिकपणे सगळं प्रमाण करून टाकतो, आणि आजीच्या तोंडचं वाक्य एकदम शाळेच्या पुस्तकातलं होऊन जातं. नियमावलीत स्पष्ट लिहा की अवतरणातली बोली दुरुस्त करायची नाही.

मराठी टायपिंगच्या काही गोष्टी डोळ्यांना सारख्या दिसतात पण कॉम्प्युटरला वेगळ्या असतात, त्याही इथेच नोंदवा. "ॲ" हे एक अक्षर म्हणूनही येतं आणि अ वर चंद्र देऊन "अॅ" असंही येतं. "दुसऱ्या" मधला ऱ्य दोन पद्धतींनी टाइप होतो. "दुःख" मध्ये कुणी विसर्ग देतं, कुणी कोलन. मग तुम्ही शोधायला "दुसऱ्या" टाकता, तीन सापडतात, आणि उरलेले पाच समोर असून सापडत नाहीत. कुठलं रूप ठेवायचं ते ठरवा, शेवटी एकगठ्ठा बदलता येतं.

पायरी ६: संपादन

शेअर करताना तीन हक्क असतात, व्ह्यूअर, कमेंटर आणि एडिटर. बहुतेक ठिकाणी सगळ्यांना एडिटर करून टाकतात. माझ्या मते लेखक आणि एक संपादक सोडून बाकी सगळे कमेंटर असावेत. कमेंटर सुचवण्या करू शकतो, म्हणजे त्यानं खोडलेलं खोडलेलंच दिसतं, घातलेलं वेगळ्या रंगात दिसतं, पण मूळ मजकूर हलत नाही. संपादक एकेक सुचवणी बघून मान्य करतो किंवा काढतो. वर्डमधल्या ट्रॅक चेंजेसचं हेच काम आहे, फक्त वर्डमध्ये माणसाला ते चालू करायची आठवण राहावी लागते आणि कमेंटरला इथे दुसरा पर्यायच नसतो.

शेअरच्या खिडकीत वर दातेरी चाकाचं चिन्ह आहे, तिथे जाऊन एडिटरना हक्क बदलता येतील ही खूण काढून टाका, नाहीतर लिंक कुठे-कुठे फिरते. "लिंक असलेला कुणीही एडिट करू शकेल" असं तर अजिबात ठेवू नका, लॉगिन न करता आलेल्यांची नावं दिसत नाहीत, नुसती अनोळखी प्राण्यांची चित्रं दिसतात, आणि मग ती ओळ कुणी खोडली हे विचारायचं कुणाला?

शंका कमेंटमध्ये लिहायची, मजकुरात कंस करून नाही. कंसातली शंका छापली गेलेल्या स्मरणिका खूप आहेत. कमेंटमध्ये ॲट चिन्ह टाकून माणसाचा पत्ता दिला की त्याला मेल जातो आणि कमेंट त्याच्या नावावर सोपवताही येते, "१९८७ की १९८८, जरा जुन्या इतिवृत्तात बघून सांगाल का?" असं. विषय मिटला की रिझॉल्व्ह करायचं. एक लेख बंद करायचा तो त्यातली शेवटची कमेंट रिझॉल्व्ह झाल्यावरच.

काही बिघडलं तर घाबरू नका. फाइल मेनूत व्हर्जन हिस्टरी आहे, तिथे तारीखवार जुन्या अवस्था आणि कुणी काय बदललं ते रंगात दिसतं, जुनी अवस्था परत आणता येते. महत्त्वाच्या टप्प्याला अवस्थेला नाव देऊन ठेवा, "लेखकाची मूळ प्रत", "पहिलं प्रूफ झालं", कारण जागा वाचवायला जुन्या बारीक नोंदी कधीकधी एकत्र केल्या जातात.

जो वर्ड सोडत नाही त्याचं काय?

प्रत्येक गटात असा एक जण असतोच आणि अनेकदा तोच सगळ्यात चांगला मुद्रितशोधक असतो, म्हणून त्याला सोडून चालत नाही. त्याच्यासाठी असं करा. लेख डॉक्समधून वर्ड फाइल म्हणून उतरवा, त्याला मेल करा, शीटमध्ये "यांच्याकडे" असं लिहा आणि तेवढ्या काळापुरते बाकी सगळ्यांना व्ह्यूअर करा. त्याला फक्त एक सांगा, कंट्रोल, शिफ्ट आणि ई दाबून ट्रॅक चेंजेस चालू कर. फाइल परत आली की ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडा, त्याच्या दुरुस्त्या सुचवण्या होऊन दिसतात. त्या बघून मूळ डॉक्स फाइलमध्ये घाला आणि आलेली प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये सरकवा.

इथला एक सापळा नीट ओळखून ठेवा. वर्डची फाइल ड्राइव्हवर चढवून उघडली की ती डॉक्ससारखीच दिसते, पण नावाशेजारी डॉकएक्सची छोटी खूण असते, म्हणजे ती अजून वर्डचीच फाइल आहे. कुणी "सेव्ह ॲज गूगल डॉक्स" केलं की त्याच नावाची दुसरी फाइल जन्माला येते, अर्धे लोक एकीत काम करतात, अर्धे दुसरीत. लेख फोल्डरमध्ये ही खूण असलेली एकही फाइल राहू द्यायची नाही.

ट्रॅक चेंजेस न लावता दुरुस्त्या करून पाठवल्या तरी मार्ग आहे. वर्डमध्ये रिव्ह्यू टॅबमध्ये कंपेअर आहे, जुनी आणि नवी फाइल दिली की फरक दाखवतो. लिबरऑफिसमध्येही एडिट मेनूत ट्रॅक चेंजेसखाली कंपेअर आहे. डॉक्समध्येही टूल्समध्ये ती सोय आहे.

नेट जात-येत असेल तिथल्या माणसानं क्रोममध्ये किंवा फोनच्या ॲपमध्ये ती फाइल ऑफलाइन उपलब्ध करून ठेवावी, नेट आलं की बदल चढतात. पण दोघांनी एकाच परिच्छेदावर असं ऑफलाइन काम करू नये, वाक्यं एकमेकांत मिसळतात.

पायरी ७: दार बंद

एक तारीख जाहीर करा. त्या रात्री सगळ्यांचे हक्क व्ह्यूअर करा, प्रत्येक फाइलच्या व्हर्जनला "छापखान्याला" असं नाव द्या, सुचवण्या आणि कमेंट शून्य आहेत ना बघा, कारण उरलेल्या सुचवण्या वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस होऊन जातात आणि कमेंटही सोबत जातात. मग एकेक फाइल वर्ड स्वरूपात उतरवा. यानंतर कुणी कितीही विनवलं तरी डॉक्समध्ये बदल नाही. दुरुस्ती असेल तर ती पुढच्या, प्रूफच्या फेरीत. हे सांगणारा माणूस जरा ठाम लागतो, पण इथे ढील दिली की आधीची सगळी शिस्त वाया जाते.

पायरी ८: आता डेस्कटॉप, आणि एकच माणूस

वर्डमध्ये नवी फाइल उघडून इन्सर्टमध्ये ऑब्जेक्टच्या बाणाखाली टेक्स्ट फ्रॉम फाइल आहे, त्यातून लेख क्रमानं एकेक करून आत घ्या. सगळे एकदम निवडले तर क्रम हलण्याची भीती असते. डॉक्समध्ये शीर्षकांना हेडिंग १, उपशीर्षकांना हेडिंग २ दिलं असेल तर ते वर्डमध्ये तसंच येतं आणि अनुक्रमणिका आपोआप बनते. ज्यांनी नुसतं ठळक करून अक्षर मोठं केलं त्यांची शीर्षकं इथे हातानं करावी लागतात.

फॉन्टचं एक लफडं मराठीत कायम होतं आणि त्यावर लोक तासन्‌तास घालवतात. वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट धरतो आणि तिचा फॉन्ट, आकार, ठळकपणा वेगळा साठवतो. तुम्ही स्टाइलमध्ये आकार १४ करता, इंग्रजी मोठं होतं, मराठी तसंच राहतं. स्टाइल मॉडिफाय करून फॉन्टच्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा जो वेगळा भाग आहे तिथे बदल करा. लिबरऑफिसमध्ये याच गोष्टीला सीटीएल म्हणतात, ऑप्शन्समध्ये भाषेच्या पानावर ते चालू करून मराठी निवडावं लागतं.

डॉक्समध्ये मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी असा फॉन्ट वापरला असेल तर तो गूगल फॉन्ट्सवरून उतरवून या कॉम्प्युटरवर बसवा, नाहीतर वर्ड त्याच्या मनानं मंगल किंवा निर्मला लावतो आणि पानांचा हिशेब बदलतो. पुस्तकी मजकुरासाठी आयआयटी मुंबईचा शोभिका फॉन्टही मला आवडतो, तोही मोफत आहे.

मग शोधा आणि बदला. दोन स्पेसचे एक, पूर्णविरामाआधीची स्पेस काढा, ॲ आणि विसर्गाची रूपं एकसारखी करा. "रिप्लेस ऑल" फक्त अशा यांत्रिक गोष्टींना, शब्दांना नाही, "आणी" शोधून "आणि" केलं की "आणीबाणी" चं "आणिबाणी" होतं.

तुम्हीच पीडीएफ करणार असाल तर पेज सेटअपमध्ये मिरर मार्जिन घ्या, आणि फोटो इथे घालण्यापूर्वी ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड भागात चित्रं कॉम्प्रेस करू नका ही खूण लावा, नाहीतर वर्ड स्वतःहून ती २२० पीपीआयवर (एका इंचात २२० ठिपके) आणतो. डीटीपीवाल्याकडे देणार असाल तर यातलं काही करू नका, त्याला साधा, स्टाइल लावलेला मजकूर, फोटो फोल्डर आणि संदर्भासाठी एक पीडीएफ एवढंच द्या. सजावट केलेली फाइल दिली की त्याचा पहिला दिवस ती सजावट काढण्यात जातो.

पायरी ९: प्रूफं

मांडणीची पीडीएफ आली की ती कागदावर छापून दोघांनी वाचायची, एकानं मोठ्यानं आणि दुसऱ्यानं मूळ प्रत समोर धरून. पडद्यावर सुटलेल्या चुका कागदावर दिसतात. परदेशातल्या मंडळींनी पीडीएफ ड्राइव्हवर उघडून त्यावरच कमेंट कराव्यात. सगळ्या दुरुस्त्या एका माणसानं गोळा करून पान, ओळ, चूक, बरोबर अशा चार रकान्यांच्या एकाच यादीत द्यायच्या, डीटीपीवाल्याला पाच जणांचे पाच मेसेज गेले की एक तरी राहतो. आणि दुसऱ्या प्रूफात सगळं पहिल्यापासून नाही वाचलं तरी बदललेल्या ओळीच्या वरचं आणि खालचं वाक्य नक्की वाचा.

पायरी १०: पुढच्या कार्यकारिणीसाठी

स्मरणिका छापून आली की लोक फोल्डर विसरतात. डीटीपीवाल्याकडून शेवटची पीडीएफ आणि शक्य असेल तर शेवटचा दुरुस्त मजकूरही मागून घ्या. नुसती पीडीएफ पुरत नाही, कारण तिच्यातून मराठी मजकूर कॉपी केला की जोडाक्षरं विस्कटतात आणि पुढच्या वेळी पुन्हा टाइप करायची वेळ येते. प्रूफात झालेले बदल तुमच्या वर्ड फाइलमध्ये घालून घ्या, तिची एक प्रत ड्राइव्हवर, एक पेन ड्राइव्हवर कपाटात. मूळ आकाराचे फोटो ओळींच्या यादीसकट ठेवा, आणि ०० नावाची नियमावली नव्या संपादकाला पहिल्याच बैठकीत द्या.